इथं हात घसरला

गुण्यात नसलेली वस्तू मला बघवत नाही. याला स्वभाव म्हणा, खोड म्हणा. गुण्या म्हणजे आम्हा सुतारांचं काटकोन बघायचं अवजार. दाराच्या चौकटीला तो लावला आणि मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की मला दुपारची भाकरी गोड लागत नाही. लग्नाला गेलो तर नवरा-नवरीकडं लक्ष नसतं, मांडवाचा कुठला खांब कललाय ते बघत बसतो. बायको म्हणते, "तुमी मेल्यावर तिरडीवरूनबी उठताल, बांबू सरळ करायला." उठेनही. माझा काही भरवसा नाही.

आणि असल्या माणसाच्या शेजारी देवानं आणून बसवलं कुणाला, तर अप्पांना!

अप्पा माझ्या नात्यातले नव्हते. त्यांची मुलगी त्यांना अप्पा म्हणायची, तिच्यामागून सगळं तेलगाव म्हणायला लागलं, मग मीही. उमेदीची सगळी वर्षं ते पुण्याकडं एका ओतकामाच्या कारखान्यात होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, ते काम त्यांचं. "लाकडात केसाएवढी चूक ऱ्हायली, मिस्त्री, की लोखंडात हजार नग चुकत्यात," असं सांगायचे. कारखाना बंद पडला, पाठोपाठ बायको वारली, तेव्हा मुलीला घेऊन गावी परत आले. माझं पत्र्याचं शेड त्यांच्याच मोकळ्या जागेत होतं. एके सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून आले, खडू घेतला, शेडाच्या मधोमध रेघ मारली आणि म्हणाले, "हिकडचं तुमचं, तिकडचं माझं." मी मुकाट्यानं गुण्या लावून बघितला. रेघ भिंतीशी बरोबर काटकोनात होती. मला माणूस तिथंच आवडला.

मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेच्या गॅदरिंगला कुणी नवीन सर गिटार घेऊन आले होते. पोरीनं ती एकदा हातात घेतली आणि घरी येऊन हट्ट धरला, मला गिटार पाहिजे. आता कुठलाही बाप एक तर नाही म्हणेल, नाही तर बीडला जाऊन घेऊन येईल. अप्पा गेलेही बीडला. दुकानात गिटार उलटी केली, टिचकी मारली, आत डोकावून बघितलं आणि रिकाम्या हातानं परत आले. "डबा हाय त्यो," पोरीला म्हणाले. "प्लायवूडचा डबा. मी बनवून देतो तुला. सहा म्हैने दे."

पोरीनं सहा महिने दिले. मग वर्ष दिलं. मग दहावी, बारावी, लातूरला नर्सिंगचं शिक्षण, तिथंच दवाखान्यात नोकरी. अकरा वर्षं दिली तिनं बापाला. मैत्रिणीनं एकदा जुनी गिटार देऊ केली, तर म्हणाली, "नको. माजे अप्पा बनवायलेत." हे मला अप्पांनीच सांगितलं, छाती फुगवून. तेव्हा त्यांच्या भागात एकही गिटार नव्हती.

मग काय होतं? साचे होते. नुसते साचे!

कुणी म्हणेल, गिटार करायला साचे कशाला लागतात. लागतात बाबा. मलाही नव्हतं माहीत. गिटारीच्या कडेची पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाकवायची, तर ती वाकवायला एक साचा. वाकवल्यावर तशीच राहावी म्हणून धरून ठेवायला दुसरा. दांड्यावर तारेच्या पट्ट्या बसतात, त्यांच्या खाचा पाडायला करवत इकडंतिकडं जाऊ नये म्हणून तिसरा. दांडा पेटीला जिथं मिळतो तिथला सांधा कापायला चौथा. बोअरच्या पाइपाच्या चकत्या कापून, त्यांना एकेक चीर देऊन त्यांनी शंभरावर चिमटे केले होते. शिंप्यांकडून रिकामी रिळं गोळा करून त्यांत लांब बोल्ट घातले आणि दाबून धरायचे शिकंजे केले. एका खुंटीवर लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या उलटसुलट चिकटवून टांगल्या होत्या. हवेत दमटपणा आला की ती जोडपट्टी एका अंगाला वाकायची, हवा कोरडी झाली की दुसऱ्या. त्याला मी हवामान खातं म्हणायचो. ती पट्टी सरळ उभी असल्याशिवाय अप्पा लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याला हात लावायचे नाहीत. सबंध पावसाळा ते नुसते बसून. समोर मी तीन-तीन चौकटी उभ्या करतोय आणि हे पट्टीकडं बघत चहा पितायत. डोकं फिरायचं माझं.

ह्या साच्यांची एक तऱ्हा होती. प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली असायची, आणि ती ओळ म्हणजे चूक. 'इथं करवत घसरली.' 'इथं घाई केली.' 'इथं दोनदा मोजलं न्हाई.' एका साच्यावर तर 'इथं पोरीचा फोन आला' असं होतं. चूक झाली की ते लाकूड फेकायचे नाहीत, स्वतःला शिव्याही द्यायचे नाहीत. बसून विचार करायचे, आणि पंधरा दिवसांनी तिथं साचा तयार. त्या जागी पुन्हा चूक होऊच शकणार नाही असा. "मानूस हाय, चुकनारच," म्हणायचे. "साचा खरा असला की हात माफ."

पूर्ण झालेला साचा तपासायची त्यांची पद्धतही ठरलेली. पट्टी नाही, गुण्या नाही. डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यावरून सावकाश फिरवायचं, बाळाच्या टाळूवरून फिरवावं तसं. मग डोळे उघडून म्हणायचे, "खरा हाय." मी एकदा मुद्दाम माझ्या पट्टीनं मोजून बघितलं होतं. बोट बरोबर निघालं.

पण अकरा वर्षं म्हणजे काय गंमत आहे का? पोरगी दिवाळीला यायची, शेडाच्या दारात उभी राहून विचारायची, "अप्पा, कुठवर आलंय?" अप्पा म्हणायचे, "खाचाचा साचा झालाय." ती हसायची. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. आली की नुसती आढ्याच्या आकड्याकडं बघायची. तो आकडा अप्पांनी पहिल्याच वर्षी गिटार टांगायला ठोकला होता. रिकामा आकडा बघायची आणि बापाला म्हणायची, "चला, जेवायला वाढते." मला ते बघवत नव्हतं. मलाही पोरी आहेत.

शेवटच्या तीन वर्षांत तर अप्पांचं काहीतरी भलतंच सुरू झालं, असं मला वाटलं. भोक पाडायला साचा. पटाशी धरायला लाकडी गाडी, म्हणजे पटाशी तिच्यात अडकवायची आणि गाडी नुसती ढकलायची. आणि एक दिवस बघतो तर काय, सरळ रेघ मारायला साचा! पेन्सिल एका खोबणीत बसवलेली, वरून नुसतं दाबायचं आणि ओढायचं. ज्या माणसानं मोकळ्या हातानं शेडात काटकोनी रेघ मारली होती, त्याला रेघेला साचा?

त्या दिवशी माझ्याकडं चार गिऱ्हाइकं बसलेली. माझी जीभ घसरली. मी मोठ्यानं म्हणालो, "बघा बघा, आमच्या अप्पाचं! आता रेघंलाबी साचा. उद्या साचा करायला साचा करतेल. अकरा वर्सं झाली, पोरगी शाळेतून नोकरीला लागली, गिटारीचा पत्ता न्हाई!"

गिऱ्हाइकं खदाखदा हसली. मीही हसलो. अप्पांनी हात उपरण्याखाली घेतले. हल्ली त्यांचे हात सारखे उपरण्याखालीच असायचे. चहाही ते कपातून घेत नसत, स्टीलच्या पेल्यात अर्धाच घ्यायचे आणि दोन्ही हातांनी धरायचे. मला वाटायचं, म्हातारपणाचे चाळे.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले नाहीत. निरोप आला, धर्मापुरीला बहिणीकडं गेलेत, पंधरा दिवसांनी येतील. मला वाईट वाटलं. म्हटलं, माणूस रुसला. आता आल्यावर माफी कशी मागायची? मला तोंडानं माफी मागता येत नाही. हातानं काहीतरी करता येतं.

म्हणून मी त्यांच्या भागात गेलो, खडूच्या रेघेपलीकडं. झाडून घेतलं. करवतींना धार लावली. तिथं कोपऱ्यात एक जाड गोल फळी होती. तिच्यावर घोंगडीचा तुकडा ताणून चिकटवलेला. गिटारीची पाठ ह्या फळीवर ठेवून तिला आतून आडव्या काठ्या चिकटवायच्या आणि वरून बांबूच्या कामट्या वाकवून, त्या छताला टेकवून दाब द्यायचा, एवढं मी बघितलं होतं. अप्पा तिला परात म्हणायचे. मी समजायचो, गोल आहे म्हणून. सहज पट्टी आडवी ठेवली. आणि मधून उजेड दिसला!

थोडाथोडका नाही. मधोमध दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवावीत इतका. मी म्हटलं, अरेरे, पावसाळ्यात फळी वाकली म्हाताऱ्याची. ह्याच्यावर गिटार केली असती तर काय वाकडी झाली असती! घोंगडी हलक्या हातानं सोडवली, माझा मोठा रंधा घेतला आणि दोन दिवस राबून ती फळी आरशासारखी सपाट केली. घोंगडी होती तशी परत चिकटवली. असं सुख झालं मला म्हणून सांगू! ते आल्यावर सांगणार होतो. पण आले ते अर्धे होऊन. तोंड सुकलेलं, बोलणं कमी. मी म्हटलं, अजून राग गेलेला दिसत नाही, बोलू नंतर. आणि ते नंतर राहूनच गेलं.

विचारलं असतं तर? अप्पा, ही फळी अशी का? एवढे चार शब्द. त्यांनी तासभर सांगितलं असतं. पण अकरा वर्षांत मी त्यांना हसलो तेवढा, विचारलं एकदाही नाही.

त्या हिवाळ्यात अप्पांनी खरोखरच गिटार करायला घेतली. मला वाटलं, माझं बोलणं लागलं त्यांना. पाठीला शिसवाचं लाकूड, त्यांच्या बायकोच्या माहेराहून आलेल्या पलंगाचं. त्याच्या डोक्याकडच्या फळीतून त्यांनी चार पातळ पानं काढली होती, दोन ह्या गिटारीला आणि दोन जपून ठेवलेली. वरच्या अंगाला परळीला आलेल्या कसल्याशा यंत्राच्या खोक्याची फळी, पांढरी, सरळ रेषांची. साचेच साचे. हाताचं काम जवळजवळ नाहीच. आडव्या काठ्यासुद्धा त्याच गोल फळीवर काचकागद ठेवून घासल्या, तिचाच आकार त्यांना यावा म्हणून. मी आपला रेघेच्या अलीकडून बघतोय आणि मनात म्हणतोय, बघा, आता कशी सपाट बसली पाठ.

होळीच्या आधी गिटार उभी राहिली. तारा तेवढ्या बाकी. अशी देखणी! पोरगी रजा काढून आली, पण अप्पांनी दिली नाही. "बीडचा उन्हाळा काडू दे तिला," म्हणाले. "एक उन्हाळा पास झाली की तुजी." आणि अकरा वर्षांच्या त्या आकड्याला गिटार टांगली. पोरगी खाली उभी राहून वर बघत होती. तिनं हात लावला नाही. पास होईपर्यंत हात लावायचा नाही असं तिनंच ठरवलं असावं.

चैत्र संपत आला होता. भर दुपार, पत्रा तापलेला, आम्ही दोघं जेवायला बसलेलो. मी कांदा फोडत होतो. एवढ्यात वर आवाज झाला. टक्. फार मोठा नाही, बोट मोडावं तेवढाच.

"गेली," अप्पा म्हणाले. हातात घास तसाच होता.

मी गिटार खाली काढली. पाठ मधोमध वरपासून खालपर्यंत चिरली होती. अप्पांनी गिटारीकडं बघितलंच नाही. सरळ त्या गोल फळीशी गेले, पटाशीनं घोंगडी सोडवायला लागले. पटाशी हातातून पडली. परत उचलली, परत पडली. तेव्हा मी त्यांचा हात बघितला. उपरण्याबाहेर, उजेडात. वाऱ्यावर पान हलावं तसा तो हलत होता, आणि थांबत नव्हता.

"अप्पा, ह्ये कवापासून?" मी विचारलं.

"झाली तीन वर्सं," ते म्हणाले. "तवा धर्मापुरीला न्हवतो गेलो. पोरीकडं गेलतो लातूरला, दाखवायला. कंपवात म्हनत्यात. वाढतच जातो म्हनं." मग शांतपणे म्हणाले, "घोंगडी तेवढी सोडवा."

मी सोडवली. त्यांनी भिंतीवरची एक बाकदार पट्टी काढायला लावली, ती त्या फळीवर ठेवली. खोलगट फळीत ती गच्च बसायला हवी होती. ती पाळण्यासारखी डुलली. अप्पा वाकले, फळीवर गाल टेकवून उजेडाकडं बघितलं. माझ्या रंध्याच्या पात्याला एका जागी टवका उडालेला आहे. त्यामुळं मी रंधलेल्या प्रत्येक फळीवर केसासारखी एक उंच रेघ राहते. अर्ध्या तेलगावच्या दारांवर ती आहे. त्या फळीवरही होती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पात्याचा टवका अजून काडला न्हाई व्हय?"

बस्स. एवढंच. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हणालो, "अप्पा, चप्पल काडून हाना मला. मला वाटलं फळी वाकली. मी चांगल्यापायी केलं वो!"

"म्हाईत हाय," ते खाली बसले. "आपल्याकडचा उन्हाळा लाकडातलं सगळं पानी पितो, मिस्त्री. लाकूड आखडतं. सपाट पाठीला आखडायला जागाच न्हाई, ती फाटती. मधी जरा फुगवटा ठिवला की ती नुसती खाली बसती. त्या फुगवट्यासाठी परात व्हती ती." "मला एक सांगायचं हाय तुमाला. काठ्या घासायच्या आधी मी तिच्यावरून बोट फिरिवलं व्हतं. डोळे मिटून. बोटाला सपाट लागली."

"मग कावून थांबला न्हाई, अप्पा?"

"मी म्हनलं, बोटच खोटं बोलायलंय. हात असा झालेला. आता त्येचं काय ऐकायचं?"

मी रडलो. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस, भर दुपारी, भुश्शात बसून. त्यांनी चहा मागवला. त्यांचा पेला मी धरला.

पुढचं काम सहा महिने आम्ही दोघांनी मिळून केलं. नवी परात मी कोरली. सपाट करायला शिकलेला माझा हात, त्याला खोलगट काही जमेना. दोनदा फळी वाया घालवली. अप्पा खाटेवर बसून सांगायचे, "मधलं लाकूड खा. कडंला नगं. आता डोळे मिटा आन्‌ बोट फिरवा." मी फिरवायचो. "काय सांगतंय?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "अप्पा, मला कळत न्हाई." ते म्हणायचे, "कळंल. त्येला खोटं म्हनू नका फकस्त." तिसऱ्या फळीला एके सकाळी मला कळलं. मधे बोट खाली उतरतं आणि पुन्हा वर येतं. मी ओरडलोच, "खरी हाय!" अप्पांनी फळी उलटी मांडीवर घेतली, उजवा हात डाव्या हातानं धरला आणि पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. फार वेळ लागला त्यांना. मी वाचलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. मला ठाऊक होतं तिथं काय असणार, आणि ते माझ्या लायकीचंच असणार.

ठेवलेली दोन पानं काढली. चुकायला आता तिसरी जोडी नव्हती. दिवाळीनंतर हवामान खात्याची पट्टी सरळ उभी राहिली, तेव्हा पाठ चिकटवली. पेटी झाली, दांडा बसला. माघात अप्पा गेले. दुपारी खाटेवर बसल्या बसल्याच गेले. मी चौकट ठोकत होतो, मला कळलंही नाही.

अप्पा लिंगायत; त्यांच्यात माणसाला बसवून नेतात, बसवूनच मातीत देतात. त्यांना बसवायची खुर्चीसारखी चौकट मी केली. गुण्या लावून केली. पोरगी तिच्याशेजारून चालत होती.

जाताना तिला म्हणालो, गिटार घेऊन जा, तारा मी लावून देतो. तिनं आढ्याकडं बघितलं. म्हणाली, "उन्हाळा काडू द्या, काका."

तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. फाल्गुन, चैत्र, वैशाख. रोज दुपारी पत्रा तापला की मी हातातलं काम बंद करायचो आणि त्या आकड्याखाली बसायचो. कान वर. बायको म्हणाली, येडे झालात. रस्त्यानं ट्रॅक्टर जायचा, फळी कुठं करकरायची, पत्रा वाजायचा, आणि मी ताडकन उठून वर बघायचो. टक् काही झालं नाही. रोज संध्याकाळी मी बोट फिरवून बघायचो. पाठ जराशी खाली बसली होती, अप्पा म्हणाले होते तशीच. फाटली नाही.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पोरगी आली. मी अप्पांच्या कागदावर बघून तारा लावून ठेवल्या होत्या. गिटार तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर घेतली, आणि नुसती धरून बसली.

"वाजव की," मी म्हणालो.

"येत न्हाई, काका," ती म्हणाली. "गिटार आल्यावर शिकू म्हनलं व्हतं."

तिनं अंगठ्यानं सहा तारा एकेक करून छेडल्या, वरून खाली, एकदाच. शेडात तो आवाज बराच वेळ राहिला. मग तिनं गिटार बाजूला ठेवली आणि साचे बघायला लागली. एकेक उचलायची, उलटा करायची, वाचायची. 'इथं घाई केली.' 'इथं पोरीचा फोन आला,' हे वाचून हसली आणि पदरानं डोळे पुसले. रेघेच्या साच्यामागं होतं, 'इथं हात थरथरला.' पटाशीच्या गाडीमागं, 'इथंबी.' भोकाच्या साच्यामागं, 'इथंबी.' तीन वर्षं माझ्यापासून दहा हातांवर हा माणूस लिहून ठेवत होता आणि मी साचे मोजून हसत होतो. शेवटी तिनं परात उलटी केली. अक्षरं वेडीवाकडी, एकावर एक चढलेली. तिनं मोठ्यानं वाचलं, "इथं बोटाचं ऐकलं न्हाई."

माझं नाव नव्हतं. रंध्याचं नाव नव्हतं.

"फोनवर मला म्हनले व्हते," ती सांगायला लागली, "पहिली गिटार माज्याच हातानं गेली. फळी वाकली वाटली म्हनून रंधा मारला आन्‌ सपाट केली म्हनं."

"बाई, खोटं हाय त्ये," मी म्हणालो. "रंधा मी मारला. न इचारता. तुज्या बापाची अकरा वर्सं मी दोन दिसात सपाट केली."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, पण नजर हलवलीही नाही. मग म्हणाली, "म्हाईत हाय मला, काका. मीच नेलतं त्यांना डाक्टरकडं. तवा त्यांच्या हातात चहाचा कप ऱ्हात न्हवता. रंधा कुठून धरला असता?"

मी खाली मान घातली. तिनं खिडकीतली अप्पांची पेन्सिल उचलली, ती आखूड, चावलेली. माझ्यापुढं धरली.

"लिवा मग," ती म्हणाली. "हितली पद्धत हाय ना तशी."

मी त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'इथं मिस्त्रीनं विचारलं न्हाई.' रेघेचा साचा शेजारीच पडला होता, पण तो घेतला नाही. अक्षर वाकडं आलं. तिनं ते वाचलं, फुंकर मारून पेन्सिलीची भुकटी उडवली, गिटार घेतली आणि चारच्या गाडीनं लातूरला गेली. साचे माझ्याकडंच राहू द्या म्हणाली.

परात माझ्या भागात भिंतीला टांगली आहे. खडूची रेघ कधीच पुसली गेली. गिऱ्हाईक येतं, चौकटीचं माप सांगतं, आणि एखादा शहाणा भिंतीकडं बोट दाखवून म्हणतो, "मिस्त्री, ती फळी वाकलीया की. सपाट तरी करून टाका."

मी म्हणतो, "हात लावू नको बे तिला."